विहिरीची जागा

१९७५ साली मी दहावीची परीक्षा दिली. अकरावीची मॅट्रिक जाऊन दहावीचं बोर्ड आलं, त्याची ती पहिलीच बॅच. आमचं गाव भीमेच्या काठाला, पळसदेवच्या बाजूला. खाली उजनीच्या धरणाचं काम चालू होतं. शाळा सुटताना ड्रॉइंगच्या मास्तरांनी मला कॅमलच्या वड्यांची पेटी आणि चार कार्ट्रिज कागद दिले. म्हणाले, "नदीकाठ काढून ठेव. पाण्यात जाणार आहे सगळा."

मे महिना. मी भर दुपारी चिंचेखाली बसलो. ब्रश उजवीकडं नेईस्तोवर डावीकडचं आभाळ वाळायचं. वरून दुसरा हात दिला की मधेच काळपट कड उठायची. दोन कागद वाया गेले.

मास्तरांना दाखवलं तर हसले. "मागून कागद ओला कर. सकाळी सहा ते नऊ, एवढंच काम. अन् पाण्यावरची चमक रंगवायची नसते, तिथं कागद कोरा राखायचा. एकदा रंग चढला की खालचं पांढरं परत मिळत नाही."

मग रोज पहाटे जाऊन बसलो. भीमेचंच पाणी तांब्यात घ्यायचं, त्यातच ब्रश बुडवायचा. तेव्हा कळलं, उन्हाळ्यातलं आभाळ निळं नसतंच, धुरळ्याचं असतं. पलीकडचा काठ नुसता पुसट. वाळूतली सावली मात्र निळसर. नदीची धार बारीक झालेली, वाळवंटात कलिंगडाचे वेल.

तिसऱ्या दिवशी आण्णा मागं येऊन उभे राहिले. लई वेळ बघितलं आणि म्हणाले, "आरं, समदं काढलंस. आपली हीर कुठाय?"

विहिरीची जागा मी कोरीच ठेवली होती. थारोळ्याचे दगड नीट जमत नव्हते.

"उद्या काढतो, आण्णा."

दुसऱ्या दिवशी नांगरट निघाली, मग पाऊस आला. ते राहिलं ते राहिलंच.

१९८० साली धरण पुरं झालं. मळा, विहीर, चिंच सगळं पाण्याखाली गेलं. आम्ही वर माळावर राहायला आलो. आण्णांनी ते चित्र जमिनीच्या कागदांबरोबर पत्र्याच्या पेटीत ठेवलं. विहिरीचं परत कधी विचारलं नाही. ते गेले तेव्हा पेटी माझ्याकडं आली.

२०२४ च्या उन्हाळ्यात धरण मायनसमध्ये गेलं. पळसनाथाचं जुनं देऊळ उघडं पडलं, माणसं बघायला येऊ लागली. आम्ही मात्र मोटारी पुढं सरकवण्यात गुंतलो होतो. पाणी मागं जाईल तसा पाइप जोडायचा, केबल ओढायची. ज्या पाण्यानं मळा गेला, त्याच पाण्यावर आमचा ऊस आहे. तो डोळ्यांदेखत करपत होता.

एका सकाळी पाइप जोडता जोडता पायाला दगड लागला. चिखलात वाकून बघितलं तर थारोळं. विहीर गाळानं काठोकाठ भरलेली.

दुसऱ्या दिवशी सहाला नातवाची रंगपेटी आणि आण्णांची पेटी घेऊन गेलो. वाटलं होतं, कोरी जागा आता भरून टाकू. समोर दगड, हातात ब्रश. पण चित्रातला मळा हिरवा, आणि समोर नुसता भेगाळलेला गाळ. ही विहीर त्या मळ्यात बसेना. शेवटी नवा कागद घेतला आणि गाळातली विहीर काढली. नऊ वाजता रंग फाटायला लागले तसा उठलो.

शेजारचा म्हणाला, "तात्या, ऊस चाललाय आन् तुम्ही चित्र काढताय?" त्याचं खरं होतं. विहीर अजून चार दिवस दिसावी असं वाटत होतं आणि आजच बुडावी असंही वाटत होतं.

पावसाळ्यात पुण्याकडनं पाणी आलं. थारोळं बुडालं, निम्मा ऊस वाचला. दोन्ही चित्रं आता पेटीत आहेत. जुन्यातली जागा कोरीच आहे.