सगळं मावतं म्हणून

प्रिय वाइड लेन्स,



अमेरिकेत नव्याने आलेल्या मराठी माणसाकडे कॅमेरा असला, की योसेमिटीचं बुकिंग आणि तुझी खरेदी साधारण एकाच आठवड्यात होते. एवढं सगळं फ्रेममध्ये बसणार कसं, ही त्याला चिंता. मग कुणीतरी जुनाजाणता मित्र सांगतो, ‘१६-३५ घेऊन टाक, सगळं मावतं.’ तुझी बदनामी या एका वाक्यापासून सुरू होते, म्हणून हे पत्र.

मावतं, हे खरंच आहे. फुल फ्रेम कॅमेऱ्यावर ५० मिमीची लेन्स कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत सुमारे ४७ अंश बघते. तू १६ मिमीला १०७ अंश बघतेस. पण मावलेलं दिसतं का? योसेमिटीतल्या टनेल व्ह्यूला डावीकडे एल कॅपिटानचा ९०० मीटरचा सरळसोट कडा, उजवीकडे ब्रायडलव्हेल धबधबा आणि मागे मधोमध हाफ डोम. नुसत्या डोळ्यांनी बघताना जो अंगावर येतो, त्या हाफ डोमची तुझ्यातून पार सुपारी होते. उरलेल्या फ्रेममध्ये वर आभाळ, खाली झाडांचे शेंडे. घरी आल्यावर माणूस तो फोटो मोठा करकरून बघतो आणि खापर तुझ्यावर फोडतो. वास्तविक तिथे ८५ मिमी लावून एकट्या हाफ डोमला गाठायचं.

तू दूरचं गोळा करण्यासाठी नाहीसच. तू जवळ जाण्यासाठी आहेस. त्याच दरीत खाली मर्सेड नदीच्या काठी गुडघे टेकावेत, पाण्यातला एखादा दगड तुझ्या काचेपासून दोन फुटांवर घ्यावा. दगडाचे खडबडीत कंगोरे समोर, त्याला वळसा घालून गेलेलं पाणी, आणि ती धार थेट मागच्या कड्यापर्यंत पोचलेली. आता दोन फूट मागे सरा: फोटोतला दगड निम्मा झालेला असतो, कडा मात्र तेवढाच. लांबचा डोंगर टिपणाऱ्या टेलिफोटोवाल्याला दोन फुटांनी काडीचाही फरक पडत नाही. तुझ्याबरोबर काम करणाऱ्याने पाय हलवायची तयारी ठेवावी. ती नसेल तर पैसे वाचवावेत. तसंही २०१९ च्या आयफोन ११ पासून खिशातल्या फोनवर ०.५ चं बटण आहे, ते जवळपास १३ मिमीइतकं रुंद बघतं. नुसतं मावायला हवं असेल तर तेवढं बस.

तुझं घराणं जुनं, आणि त्याची एक पाती अस्सल अमेरिकन. न्यूयॉर्कच्या चार्ल्स हॅरिसन आणि जोसेफ श्निट्झर यांनी १८६२ साली ‘ग्लोब लेन्स’चं पेटंट घेतलं. तिच्या दोन्ही टोकांच्या काचांचे बाहेरचे पृष्ठभाग मिळून एकाच गोलाचा भाग होत, म्हणून ते नाव. पण मला सर्वांत आवडते ती १९०० सालची जर्मन हायपरगॉन. ती इतकं रुंद बघायची की मध्यभाग लख्ख आणि कडा काळोख्या यायच्या. त्यावर ती बनवणाऱ्या गोअर्झ कंपनीची तोड बघ: लेन्ससमोर चांदणीच्या आकाराचं एक चिमुकलं चक्र. हवा मारून ते गरगर फिरवायचं, म्हणजे मधला उजेड अडतो. मग ते बाजूला करून एक्स्पोजर पुरं करायचं. आता तोच काळोख कॅमेऱ्यातलं सॉफ्टवेअर गुपचूप उजळतं, आणि कोपऱ्यांत दाणे उमटतात ते वेगळंच. पुढे रिफ्लेक्स कॅमेऱ्यांत आरसा आडवा आला, तुझी मागची काच फिल्मच्या जवळ नेता येईना. १९५० मध्ये फ्रान्सच्या पिएर आंजेन्यूने पुढे प्रकाश फाकवणारी भिंगं बसवून तो पेच सोडवला. आज तुझा जो फुगीर तोंडवळा आहे, तो त्या वळणाचा.

इथल्या मराठी मंडळींना तुझा खरा हिसका बसतो तो घर शोधताना. लिस्टिंगच्या फोटोंत फोटोग्राफर खोलीच्या कोपऱ्यात पाठ टेकवून तुला लावतो, आणि बेडरूमचं क्रिकेटचं मैदान होतं. ओपन हाऊसला गेल्यावर कळतं, किंग साइझ पलंग ठेवला तर कपाटाचं दार उघडणार नाही. अशा वेळी फोटोच्या कडेला एखादा गोल दिवा शोधावा. तो अंड्यासारखा लांबुडका दिसत असेल तर फोटो बाजूला ठेवून चौरस फूट वाचावेत.

तू जिथे खरोखरच लागतेस अशा जागाही आहेत, नाही असं नाही. ॲरिझोनात पेज गावाजवळ हॉर्सशू बेंडला कोलोरॅडो नदी ३०० मीटर खाली वळसा घेते. कड्यावरून २४ मिमीत तो वळसा पुरा येत नाही, आणि मागे सरायची सोय नसते. किंवा पेनसिल्व्हेनियातलं चेरी स्प्रिंग्ज. अमावास्येच्या सुमाराला न्यू जर्सीहून गाडी काढून जावं, टॉर्चला लाल कागद लावावा (पांढरा टॉर्च पेटवलात तर चार दिशांनी ओरडा बसतो) आणि १४ मिमी, एफ २.८ वर आकाशगंगा टिपावी. ५०० ला फोकल लेंग्थने भागलं की तारे न ओढले जाता शटर किती सेकंद उघडं ठेवता येईल याचा अंदाज मिळतो: ५० मिमीला १०, तुझ्या १४ मिमीला ३५. हल्लीच्या बारीक पिक्सेलच्या सेन्सरवर त्याहून कमीच धरावं. या कामाला हाताने फोकस करायची कोरियन साम्यांग, जी इथे रोकिनॉन नावाने विकली जाते, ती पुरेशी आहे. ऑटोफोकस अंधारात चाचपडतोच.

घेणाऱ्यांनी आधी आपला सेन्सर पाहावा. लहान सेन्सरच्या एपीएस-सी कॅमेऱ्यावर १६ मिमी म्हणजे २४ सारखीच. तिथे १० किंवा १२ लागते. फुगीर काचेवर साधा फिल्टर चढत नाही. न्यूयॉर्कला नाइन्थ ॲव्हेन्यूवरच्या बी अँड एचमध्ये (शनिवारी बंद, हे विसरून जाणारे दरवेळी भेटतात) छताखालून सामानाचे ट्रे सरकत असतात. ती मौज बघून झाली की काउंटरवर तुला कॅमेऱ्याला लावून बघावं. जुनी घेतली तर परत करायची मुदत संपायच्या आत विटांच्या भिंतीसमोर उभं राहावं, कॅमेरा भिंतीला समांतर ठेवावा आणि चारही कोपरे ताडून बघावेत. एकच कोपरा धूसर असेल तर आतलं भिंग सरकलेलं आहे, लेन्स परत करावी.

राहिला गणपतीचा ग्रुप फोटो. न्यू जर्सीत एडिसनच्या घरात आरती झाली की सगळे सोफ्याभोवती कोंबले जातात आणि कुणीतरी ओरडतं, ‘१६ लाव, मावतील!’ सरळ रेषा सरळच ठेवायच्या या तुझ्या हट्टापायी कडेचं सगळं ताणलं जातं. १६ मिमीला फ्रेमच्या अगदी काठावर आलेलं डोकं उंचीच्या मानाने दीडपट रुंद होतं. गेल्या खेपेला त्या काठावर आत्या होती. वर्षभर झुंबा करून ती त्या साडीत मावली होती. व्हॉट्सॲपवर फोटो पडला, आणि तिने तो बघून फक्त अंगठा पाठवला.

तेव्हा यंदा तू मखराशी ये. मूर्तीच्या वीतभर अंतरावर, खालून, म्हणजे समोर मोदकांचं ताट, त्यावर सोंड आणि मागे टाळ्या वाजवणारी अख्खी खोली एकाच फ्रेममध्ये येईल. ग्रुप फोटो ३५ वर काढू, मी स्वयंपाकघराच्या ओट्याला टेकेपर्यंत मागे जाईन. आत्याला मधोमध खुर्ची ठेवली आहे, तसं तिला कळवलंही आहे. उत्तर अजून आलेलं नाही.

तुझा,
एक मराठी फोटोवाला, न्यू जर्सी