घरोघरची टाकी

टाकी घरात येते ती अंगावर ओरखडे घेऊनच. कडांचा लाल रंग उडालेला, बुडाच्या कड्याला गंज आणि वाळलेला चिखल, मानेजवळच्या पट्टीवर पुढची तपासणी कधी ते सांगणारं अक्षर आणि वर्ष. पोटात १४.२ किलो गॅस, आणि तिच्या लोखंडाचं वजनही साधारण तेवढंच. गॅसवाला तिला खांद्यावरून अंगणात उतरवतो, मग बुडाच्या कडेवर तिरकी करून फिरवत स्वयंपाकघरात नेतो. शहाबादी फरशीवरची ती घरघर ऐकली की झोपलेला आमचा कुत्रा काळ्या उठून उभा राहतो. कान ताठ, नाक पुढे.

घरातल्या बाकी वस्तू घराच्या असतात. टाकी कुणाचीच नसते. गॅस भरण्याचा कारखाना, गोदाम, टेम्पो, परक्या घराचा ओटा, पुन्हा गोदाम, असं तिचं आयुष्य. आमच्या होटगी गावात तुराट्या-पळकाट्यांची चूल अजून पेटते, पण टाकी नाही असं घर आता शोधावं लागेल. रिकामी झाली की ती गॅसवाल्याची वाट पाहत दाराबाहेर उभी असते. दाराबाहेरची, गुडघ्याएवढी, उभी वस्तू गल्लीतल्या नर कुत्र्यांना फार पसंत पडते. विजेचा खांब, मोटारसायकलचं चाक आणि टाकी, तिन्ही त्यांना सारखेच. खांब मात्र जागचा हलत नाही. टाकी बाहेरच्या कुत्र्यांनी अंगावर ठेवलेला मजकूर घेऊन थेट आपल्या ओट्याखाली येते.

तिला दोन वास असतात. एक माणसासाठी मुद्दाम घातलेला. या गॅसला स्वतःचा वास जवळजवळ नसतो. गळती कळावी म्हणून त्यात इथाइल मरकॅप्टन मिसळतात, आणि तो उग्र दर्प आला की आपण धावत जाऊन खिडक्या उघडतो. दुसरा वास बुडाच्या कड्यात मुरलेला असतो. तो आपल्याला येत नाही. पण त्यासाठी काळ्याही तसाच धावतो.

काळ्या गावठी, स्टेशनाकडच्या वस्तीतून पिल्लू असताना आणलेला. वर्षाचा होत आला तेव्हा पाय वर करू लागला, आणि घरात पहिली निवड टाकीची केली. आजी भाकरी थापत होती. हातातलं पीठ तसंच ठेवून म्हणाली, “का बे काळ्या, घर हाय का रस्ता?” प्रश्न अगदी बरोबर होता. टाकी रस्त्यावरून आली होती आणि रस्ता तिच्याबरोबर घरात आला होता.

लघवी लागली म्हणून केलेली आणि खूण म्हणून केलेली, यातला फरक समजून घेतल्याशिवाय इलाज सुरूच करू नये. खूण थोडीशी असते, उभ्या वस्तूवर असते, आणि जिथे नवा वास आला तिथेच असते: पाहुण्याची पिशवी, नवी गादी, टाकी. नाकपोकळीच्या तळाशी कुत्र्याला एक वेगळं इंद्रिय असतं. आधी कोण येऊन गेलं, नर की मादी, मादी माजावर आहे का, हे त्याला लघवीच्या वासातून कळतं. कळलं की तो त्यावर आपली सही करतो. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या २०१८च्या अभ्यासात दिसलं की लहान चणीचे नर पाय जास्त तिरपा उचलतात, म्हणजे खूण त्यांच्या उंचीच्या मानाने वर जाते.

होटगीच्या माणसाला हद्दीची ही भाषा परकी वाटू नये. इथल्या जंक्शनवर गदगच्या फाट्याला मध्य रेल्वेची हद्द संपते आणि दक्षिण-पश्चिम रेल्वेची सुरू होते. १८८४ साली हा फाटा सुरू झाला तेव्हा तो मीटरगेज होता. मोठ्या रुळावरचा डबा पुढे जाऊच शकत नसे, माल इथे उतरवून दुसऱ्या गाडीत भरावा लागे. घरात मराठी, शेजारी कन्नड. कोण कुठून आलं हे पाहणं या गावाच्या अंगवळणी पडलेलं आहे.

म्हणून काळ्याला मारण्यात अर्थ नाही. त्याचं नाक ओल्या जागेवर घासायचं, मिरचीपूड टाकायची, डांबरगोळ्या ठेवायच्या, हे सगळं मी लोकांना करताना पाहिलं आहे आणि मला ते सहन होत नाही. डांबरगोळ्या कुत्र्याला विषारी असतात. माराने भीती वाढते, आणि घाबरलेलं कुत्रं जास्तच खुणा करतं. काम टाकीवर करायचं. ती आली की अंगणातच, नळाखाली, बुडाचं कडं आतून-बाहेरून साबणाने घासायचं. त्या कड्याच्या पोकळीत चिखल आणि वास दोन्ही अडकून बसतात. कोरडी झाली की मगच आत. मग काळ्याला पट्टा लावून तिच्याजवळ न्यायचं, हुंगू द्यायचं, पाय उचलण्याआधी बाजूला घेऊन भाकरीचा तुकडा द्यायचा.

फरशीचं दुखणं वेगळं. शहाबादी फरशी चुनखडीची असते, सांध्यांतून ओल पिते. व्हिनेगर किंवा ॲसिड ओतलं तर दगडच खातं. अमोनियाचं क्लीनर तर नकोच, लघवीलाही तोच दर्प असतो. पाळीव प्राण्यांच्या दुकानात एन्झाइमचं क्लीनर मिळतं, ते सांध्यात मुरू द्यावं. पुसताना हातमोजे घालावेत; कुत्र्याच्या लघवीतून लेप्टोस्पायरोसिस पसरू शकतो. काहीजण टाकी कपाटात बंद करतात. तेही चूक, कारण हा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर तळाशी साचतो. कपाटच असेल तर त्याच्या दाराला खालपर्यंत जाळी हवी.

नसबंदीबद्दल गावात अजून कुजबुज चालते. डेव्हिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या पशुवैद्यांनी १९९७ साली दोन वर्षांवरच्या ५७ नर कुत्र्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. नसबंदीनंतर साठ टक्क्यांहून अधिक कुत्र्यांच्या खुणा निम्म्याने किंवा त्याहून जास्त कमी झाल्या. सवय किती जुनी होती याने फारसा फरक पडला नाही. म्हणजे उशीर झाला म्हणून सोडून देऊ नये, आणि तेवढ्यावर सगळं मिटेल असंही धरू नये. कुत्रं एकाएकी थेंब थेंब करू लागलं, लघवीत रक्त दिसलं, कुंथू लागलं, तर मात्र ते हद्दीचं प्रकरण नाही. त्याच दिवशी जनावरांच्या दवाखान्यात न्यावं.

टाकी रिकामी होते, ज्योत पिवळी पडून विझते, दुसरी जोडली जाते. बाहेर काढताना तिचं बूड आम्ही पुन्हा घासतो. ती इथून गोदामात आणि तिथून कारखान्यात जाईल, मग आहेरवाडीला की कुंभारीला, कुणाच्या ओट्याखाली, ते आम्हाला कळायचं नाही. तिथेही एखादं कुत्रं असेल.