बीए करायला एवढ्या लांब?

"बीए त यवतमाळात बी होते ना वं," बाबा म्हणाले. तेव्हा माझ्या फोनवर दोन कॉलेजांचे ईमेल उघडे होते आणि उत्तर द्यायला सहा दिवस उरले होते.

बाबांचं काही चुकत नव्हतं. दारव्ह्याहून यवतमाळ एसटीने तासा-सव्वा तासाचं. अमोलकचंद महाविद्यालय आहे, फी झेपते, संध्याकाळी मुलगी घरी. आमच्याकडे बारावीनंतर लांब जायचं ते नीटसाठी नाहीतर जेईईसाठी. बीए करायला कुणी राज्य ओलांडतं, हे ऐकून शेजारच्या काकूंनी थेट विचारलं, "मार्क कमी पडले काय?"

मलाही हे सगळं यवतमाळच्या एकलव्य संस्थेच्या लोकांकडून कळलं होतं. नाहीतर फर्ग्युसनच्या पुढे माझी उडी नव्हती. फर्ग्युसन 1885 सालचं, नाव बाबांनाही माहीत. पण पुण्यात हॉस्टेल मिळालं नाही तर खोली आणि मेसचा खर्च फीच्या कितीतरी वर जातो. तो आकडा काढल्यावर फर्ग्युसन आपोआप मागे पडलं. उरली दोन. एक बेंगळुरूचं अझीम प्रेमजी विद्यापीठ, दुसरं दिल्लीच्या बाजूचं एक खासगी विद्यापीठ. त्याचं नाव नको.

दिल्लीकडच्या अर्जात निबंध होता. मी 2017 लिहिलं. त्या वर्षी कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन आमच्या जिल्ह्यातले वीसच्या वर लोक गेले. मी तेव्हा पाचवीत. आमच्या घरचं कुणी गेलं नाही. काकांना दोन दिवस उलट्या झाल्या, सलाईन लागलं, ते बरे झाले. निबंधात मात्र काका जवळजवळ मेले. मुलाखतीत समोरच्या मॅडमचे डोळे भरून आले. त्यांनी अजून विचारलं, मी अजून सांगितलं. यवतमाळ म्हटलं की लोकांना काय ऐकायचं असतं हे आम्हाला फार लवकर कळतं. फोन ठेवल्यावर मी बराच वेळ अंगणात जाऊन बसले.

बेंगळुरूच्या मुलाखतीत एका सरांनी विचारलं, व्यापाऱ्याचा काटा खरा आहे की खोटा हे शेतकऱ्याला कसं कळतं? जन्म कापसात गेला, पण मला सांगता येईना. नाही माहीत म्हणाले. मग काटा, भाव, ओलावा यावर पंधरा मिनिटं बोलणं झालं, त्यात जास्त प्रश्न मीच विचारले.

रात्री बाबांना विचारलं. ते म्हणाले, "एक गठोडं घरून मोजून न्यायचं. तेच पयले काट्यावर ठेवायचं." मग थोडं थांबून, "हे इचारलं त्यायनं? बीएच्या परीक्षेत?"

त्यानंतर ते यवतमाळचं बोलले नाहीत.

पण मुलाखत आवडली म्हणून बेंगळुरू निवडलं असं सांगितलं तर ती पुन्हा एकदा निबंधातलीच गोष्ट होईल. बेंगळुरूला उत्पन्नाच्या दाखल्यावर फी आणि राहण्याचा खर्च माफ होत होता. दिल्लीकडे अर्धीच फी माफ होती. उरलेली अर्धी आमच्या पाच एकरांच्या वर्षाच्या कापसाहून जास्त. अश्रूंची किंमत अर्धी फी, असा हिशेब मी तेव्हा केला, आणि स्वतःचाच राग आला. तिकडे पूर्ण माफी मिळाली असती तर? गेले असते. चटकन गेले असते.

चार वर्षांचं बीए का, तीनचं का नाही, हे मायला अजून पटलेलं नाही. तिचा मुद्दा सोपा आहे : एक वर्ष म्हणजे एक वर्ष. बारावीपर्यंत अहिल्याबाई होळकर योजनेच्या पासवर मी फुकट शाळेत गेले. शिक्षणाचा खर्च मोजायची सवयच घराला नव्हती.

नागपूर स्टेशनवर सोडायला काका आले होते. बॅग त्यांनीच डब्यात चढवली. गाडी सुटायला वेळ होता, म्हणून म्हणाले, "निबंध लिवाव लागला म्हने तुले. कायवर लिवला?"

"तुमच्यावरच," मी म्हणाले.

"माह्यावर?" ते हसले. "माह्यावर काय लिवाचं वं?"

मी पाण्याची बाटली आणायला खाली उतरले.