खोक्यावर नाव कुणाचं?

गृहिणी म्हणजे बिनपदवीची इंजिनिअर, असं म्हटलं की पुरुषमंडळी हसतात. हसू देत बापडी! पण मैत्रिणींनो, आपापल्या स्वयंपाकघरात एकदा नजर फिरवून पाहा बरं. मीठ ओलं होऊ नये म्हणून बरणीत टाकलेले तांदळाचे चार दाणे, शिंतोडे उडू नयेत म्हणून नळाच्या तोंडाला बांधलेलं फडकं, कुकरच्या शिट्या चुकू नयेत म्हणून ओट्यावर मांडून ठेवलेले शेंगदाणे. एक शिटी झाली की एक दाणा तोंडात! हे सगळं कुणी शिकवलं आपल्याला? अडलं, नडलं, की बाईचं डोकं चालायला लागतं.

आमच्या सासूबाईंचंच पाहा ना. पोळ्या लाटताना पोळपाट सारखा सरकायचा. चारचौघी बायका खाली ओलं फडकं घालतात, तसं त्याही घालायच्या. पण फडकं कुबट होतं, ओटाही ओला राहतो. एक दिवस त्यांनी मामंजींच्या सायकलची फाटकी ट्यूब कापली आणि तिचे तुकडे बारीक चुका मारून पोळपाटाच्या तिन्ही पायांना बसवले. पोळपाट असा घट्ट बसला की विचारू नका! पुढे बऱ्याच वर्षांनी भांड्यांच्या दुकानात रबरी पायांचा पोळपाट मी त्यांना दाखवला. त्यांनी तो उलटा करून पाहिला, "हे तर आपल्याकडे होतंच की," एवढंच म्हणाल्या आणि चहाची गाळणी घेऊन बाहेर पडल्या.

आता त्यांची युक्ती कुणी चोरली, असं मी मुळीच म्हणणार नाही. गावोगावच्या कितीतरी बायकांना ती आपापली सुचली असेल. पण त्यातल्या एकीचंही नाव त्या पोळपाटावर नव्हतं, ही गोष्टही तितकीच खरी.

असं सगळ्याच देशांत होतं का? तर नाही. जर्मनीतल्या ड्रेस्डेन शहरातल्या मेलिटा बेंट्झ या गृहिणीला कॉफीतला चोथा दाताखाली येतो याचा वैताग आला होता. तिनं एका पितळी भांड्याला खिळ्यानं भोकं पाडली, मुलाच्या वहीतला टीपकागद त्यात घातला आणि कॉफी गाळली. पण बाई एवढ्यावर थांबली नाही. १९०८ साली तिनं या गाळणीची सरकारदरबारी रीतसर नोंद केली आणि घरातच धंदा सुरू केला. आज शंभराहून अधिक वर्षं झाली, तरी तिच्या नावाचे कागद जगभर विकले जातात. आमच्या सासूबाईंच्या चुका आणि तिचा खिळा यांत डोक्याचा फरक नव्हता. फरक नोंदीचा होता.

पण नोंद करायची, कारखाना काढायचा, माल दुकानात पोचवायचा, हे काय सगळ्यांना जमतं? मुलांचे डबे, आल्या-गेल्याचं चहापाणी, सासऱ्यांची औषधं, यातून वेळ कुठला? म्हणूनच माझ्या पुतणीनं गेल्या दिवाळीत अमेरिकेतल्या एका कंपनीची हकिगत सांगितली, तेव्हा करंज्या लाटता लाटता माझे हात थांबले. पुतणी पुण्याला वस्तूंचं डिझाइन शिकते. आमच्याकडे आली की ओट्याशी उभी राहून असलं काहीबाही सांगत असते.

त्या कंपनीचं नाव क्वर्की. बेन कॉफमन नावाच्या तरुणानं ती २००९ साली न्यूयॉर्कमध्ये काढली. कल्पना अशी, की ज्याला कुणाला घरगुती वापराची नवी वस्तू सुचेल त्यानं ती इंटरनेटवरून कंपनीला कळवायची. मग इतर सभासदांनी तिच्यावर मतं द्यायची, सुधारणा सुचवायच्या. कुणी नाव सुचवायचं, कुणी रंग, कुणी किंमत किती ठेवावी ते. दर गुरुवारी संध्याकाळी कंपनीच्या कचेरीत सर्वांसमोर चर्चा व्हायची आणि कुठली कल्पना प्रत्यक्षात आणायची ते ठरायचं. पुढचं सगळं कंपनीचं. नमुना बनवणं, पेटंट, कारखाना, दुकानं, सगळं तिनं बघायचं. विक्रीतल्या पैशांचा ठरावीक हिस्सा सभासदांसाठी बाजूला काढलेला असे. त्यातला मोठा वाटा मूळ कल्पना सुचवणाऱ्याला आणि उरलेला ज्यानं ज्यानं हातभार लावला त्याला. आणि मला सगळ्यात आवडलं ते हे, की वस्तूच्या खोक्यावर ती सुचवणाऱ्याचं नाव असायचं.

"काकू, अगदी तुमच्या मासिकातल्या वाचकांच्या युक्त्यांसारखंच की!" पुतणी म्हणाली. खरंच होतं तिचं. वर्षानुवर्षं आपण पोस्टकार्डावर युक्त्या लिहून पाठवत आलो. छापून आली की नाव, गावाचं नाव आणि जमलं तर छोटंसं बक्षीस. शेजारणींना अंक दाखवताना मान कशी ताठ व्हायची! फक्त त्या युक्तीची पुढे वस्तू झाली, तर तिच्या पैशात आपला वाटा नसायचा.

त्या कंपनीच्या काही वस्तू खरोखर उपयोगी होत्या. घरात एक विजेचा बोर्ड असतो आणि चार्जर असतात पाच. त्यातले दोन असे जाडजूड की शेजारचं भोक झाकूनच टाकतात. एकाचा मोबाइल लावायचा तर दुसऱ्याचा काढावा लागतो, आणि मग भांडणं! जेक झीन नावाच्या डिझाइनच्या विद्यार्थ्याला यावर उपाय सुचला होता. सापासारखी वळणारी सॉकेटची पट्टी. प्रत्येक घर थोडं फिरवलं की जाडा चार्जरही मावतो आणि शेजारच्याला त्रास नाही. क्वर्कीनं ती 'पिव्हट पॉवर' नावानं २०११ मध्ये बाजारात आणली. शेकडो सभासदांनी तिच्यात काही ना काही भर घातली होती. पट्टी धडाधड खपली आणि त्या मुलाला चांगले पैसे मिळाले.

मग माशी शिंकली कुठे? तर तिथेही आपल्यासारखंच झालं. दिवाळीत पहिली चकली छान जमली की आपण डबाभर पीठ भिजवून बसतो ना, तसं! आठवड्याला दोन-तीन नव्या वस्तू निवडायचा सपाटा सुरू झाला. मोठमोठ्या गुंतवणूकदारांनी मिळून अठरा कोटी डॉलरहून जास्त पैसे ओतले. सभासद दहा लाखांवर गेले. जनरल इलेक्ट्रिकसारखी बडी कंपनीही २०१३ मध्ये जोडीला आली. त्याच वर्षी एक वस्तू निघाली, 'एग माइंडर' म्हणून. चौदा अंडी ठेवायचा ट्रे. फ्रिजमध्ये अंडी किती उरली आणि त्यातलं जुनं कोणतं, ते तुमच्या मोबाइलवर कळवणारा. मी पुतणीला विचारलं, "अगं, पण फ्रिजचं दार उघडलं की दिसत नाहीत का अंडी?"

हसून हसून तिची पुरेवाट झाली. पण मैत्रिणींनो, मला वाटतं हा प्रश्न तिथे कुणीतरी ठासून विचारायला हवा होता. एखादी कल्पना वाचून 'वा, छान!' म्हणायला पैसे पडत नाहीत. मत देणाऱ्या हजारोंपैकी खरोखर पर्स उघडणाऱ्या किती, हे दुकानातच कळतं. आपणही प्रदर्शनात भाजी चिरायचं यंत्र पाहून माना डोलावतो. घेतलंच तर दोनदा वापरतो, मग ते माळ्यावर जातं. कारण चिरण्यापेक्षा ते धुवायलाच जास्त वेळ लागतो. आधी अडचण आणि मग वस्तू, हा आपला घरचा क्रम. तो उलटा झाला की वस्तूची अडगळ होते.

२२ सप्टेंबर २०१५ रोजी क्वर्कीनं दिवाळखोरीचा अर्ज केला. कॉफमन त्याआधीच पायउतार झाला होता. कंपनीचं नाव पुढे दुसऱ्या मालकांनी घेतलं. पण ज्यांनी आपल्या कल्पना विश्वासानं कंपनीच्या हवाली केल्या होत्या, त्यांच्या पैशांचं काय? ते बसले देणेकऱ्यांच्या रांगेत. कल्पना एकदा दिली की तिचे हक्क कंपनीकडे जात, त्यामुळे ती उचलून दुसरीकडे नेण्याचीही सोय नाही. हे ऐकून मला फार वाईट वाटलं.

वाईट वाटायला कारणही तसंच होतं. आमच्या भिशीत आम्ही बाराजणी. त्यातल्या एक वहिनी शिवणकाम करतात. मुलाच्या कॉलेजची फी त्यांच्या मशीनवरच निघते. गरम पोळ्या डब्यात भरल्या की झाकणाला वाफ धरते आणि पाणी पोळ्यांवर ठिबकतं, हे तुम्हां-आम्हां सर्वांचंच दुखणं. वहिनींनी मऊ सुती कापडाची दुहेरी गोल टोपी शिवली आणि ती आतून झाकणावर चढेल अशी इलॅस्टिकनं बसवली. पोळ्या संध्याकाळपर्यंत कोरड्या आणि मऊ! भिशीच्या दिवशी टोपी हातोहात फिरली. एक म्हणाली, "इलॅस्टिक वाफेनं ढिलं पडेल, नाडी घाला." दुसरी म्हणाली, "जुन्या धोतराचं कापड घ्या, पाणी जास्त पितं." तिसरीनं मापाचे तीन आकार सुचवले. चहा संपेतो टोपी पहिल्यापेक्षा दुप्पट चांगली झाली होती.

आणि मग उत्साहाच्या भरात कुणीतरी तिचा फोटो मोबाइलवरून चार ग्रुपवर पाठवला. महिनाभरात बाजारपेठेतल्या एका दुकानात हुबेहूब तशाच टोप्या टांगलेल्या! वहिनी भांडल्या नाहीत. फक्त मला हळूच म्हणाल्या, "ताई, माझीच होती ना हो ती?"

त्या प्रश्नानं मला दोन रात्री झोप लागली नाही. दुकानदाराला काय म्हणणार? कापड त्याचं, शिंपी त्याचा. शेवटी भिशीतच विषय काढला. ठरलं ते असं. बचत गटाच्या दिवाळी प्रदर्शनात वहिनींच्या नावाची चिठ्ठी शिवूनच टोप्या ठेवायच्या. चाळीस रुपयांना एक. नफा वहिनींचा. नाडी, धोतर आणि माप सुचवणाऱ्या तिघींना एकेक टोपी भेट. अमेरिकेतल्या कंपनीसारखीच वाटणी, फक्त आमच्या ऐपतीची! प्रदर्शनात सगळ्या टोप्या संपल्या. दुकानातल्या टोप्याही खपताहेत, खपू देत. पण आमच्या भागात बायका आता वहिनींचं नाव घेऊन टोपी मागतात.

आपल्या देशात हे काम मोठ्या प्रमाणावर करणारी माणसंही आहेत बरं का. अहमदाबादच्या आय.आय.एम.मधले प्राध्यापक अनिल गुप्ता यांनी १९८०च्या दशकाच्या अखेरीस 'हनी बी नेटवर्क' सुरू केलं. मधमाशी मध नेते, पण त्यानं फूल काही गरीब होत नाही, तसं लोकांचं ज्ञान गोळा करायचं, हा त्यामागचा विचार. ज्याची कल्पना त्याचं नाव तिच्याबरोबर राहिलंच पाहिजे आणि पैसा मिळाला तर त्याचा वाटा त्यालाही मिळाला पाहिजे, हा त्यांचा दंडक. पुढे २००० साली सरकारच्या मदतीनं नॅशनल इनोव्हेशन फाउंडेशन उभं राहिलं. सामान्य माणसांच्या शोधांना ते हात देतं. गुजरातेत वांकानेरच्या मनसुखभाई प्रजापतींनी विजेवाचून चालणारा मातीचा फ्रिज केला. त्यांच्यासारख्यांच्या पाठीशी अशा संस्था राहिल्या.

जाता जाता चार व्यवहाराच्या गोष्टी सांगते. पेटंट हवं असेल तर वस्तू नवी असावी लागते. अर्ज करण्याआधीच ती मासिकात छापून आली किंवा सगळीकडे फोटो फिरला, तर तिचं नवेपण सहसा कायद्याच्या दृष्टीनं संपतं. तेव्हा आधी अर्ज, मग कौतुक! सुरुवातीला तात्पुरता अर्ज करता येतो. मग पूर्ण तपशील द्यायला बारा महिने मिळतात. पेटंट मिळालं तर ते अर्जापासून वीस वर्षं टिकतं. आता झाकणाच्या टोपीला पेटंट मिळणं कठीणच. पण आपल्या मालाचं नाव, म्हणजे ट्रेडमार्क, नोंदवता येतो. आणि कुणी 'तुमची कल्पना आम्हांला द्या' म्हणालं, तर सही करण्यापूर्वी एक प्रश्न जरूर विचारा, 'तुमचं दुकान बंद पडलं, तर माझी कल्पना मला परत मिळेल का?'

बाकी रोजच्या लहानसहान युक्त्या मात्र खुशाल वाटा. मिठातले तांदूळ काय, शिट्यांचे शेंगदाणे काय, ते सगळ्यांचेच. फक्त वाटताना, ही युक्ती मला कुणाकडून मिळाली, तेही सांगत चला. सायकलच्या ट्यूबचा पोळपाट मी आता कुणाला दाखवला, तर आधी सासूबाईंचं नाव घेते. त्याला काही पैसे पडत नाहीत.