एक केसरी, दोन गदा

आमच्या सोलापुरात सात रस्त्याला सात दिशांची वाहनं, एकमेकांवर हॉर्न ठोकत का होईना, एका चौकात येतात. कुस्तीच्या संघटनांना दोन रस्तेही जुळवता येईनात. २०२३च्या नोव्हेंबरात दोघींनी आपापला महाराष्ट्र केसरी निवडला. फुलगावला आमच्या मोहोळच्या सिकंदर शेखनं शिवराज राक्षेला हरवून गदा घेतली. महिना सरायच्या आत धाराशिवला तोच राक्षे केसरी!

चहाच्या गाड्यावर वस्तादांना विचारलं, "खरा कुठला?"

"दोघंबी खरेच की ओ! बापानं जनावरं विकून बदाम चारायचे, पोरानं हाडं झिजवायची, आन् गदा आणली की लोक पुसणार, कुठल्या संघटनेची? माती आन् गादीवालेसुद्धा शेवटी एकत्र लढतात. ह्या पुढाऱ्यांनाच लंगोट लावून उतरवा. पंच मी होतो."