कणकेची नक्षत्रे

डिसेंबरचा मध्य उलटला, की आमच्या वाड्यावरील मुलांना पाठ्यपुस्तके एकाएकी जड वाटू लागतात. वाड्यावर हिंदूंची घरे आहेत, ख्रिस्ती बांधवांचीही आहेत. आणि मुलांच्या दृष्टीने चवथ जशी सर्वांची, तसा नाताळही सर्वांचाच. कोणी बांबूच्या कामट्या बांधून नक्षत्राचा सांगाडा उभा करतो, कोणी गोठ्यातील हिरव्या शेतासाठी पसरट डब्यात नाचणी पेरतो, आणि थोरली मुले सुरूची फांदी कोठून मिळेल याच्या शोधात असतात. परदेशातील देवदार आमच्या किनाऱ्यावर कोठून येणार? समुद्राच्या वाऱ्यात सळसळणारे सुरूचे झाड हाच येथील बहुतेकांचा नाताळवृक्ष.

गतवर्षी शेजारच्या तियाच्या बाल्कांवात अशीच एक फांदी आणून ठेवली होती. तिया म्हणजे मावशी. वाड्यावरील सर्व मुलांची ती तियाच. तिची मुले दूर देशी असतात, म्हणून तिच्या घरचे झाड सजविण्याचे काम आपोआप वाड्यावरील मुलांकडे आले आहे. बाजारातील चकचकीत गोळ्यांची किंमत विचारून आलेली मंडळी पायऱ्यांवर हिरमुसून बसली होती. त्यांतील एकाने मला विचारले, "बाई, शोभेच्या वस्तू घरी करता येणार नाहीत का?" मी म्हटले, "येतील की! गव्हाचे पीठ, मीठ आणि पाणी एवढ्यावर करता येतील."

परंतु पीठ मागण्यासाठी आमच्याच घरी गेलो, तेव्हा सासूबाईंनी डब्यावर हात ठेवला आणि शांतपणे म्हणाल्या, "अन्नाचो खेळ करचो न्हय, बाय."

त्यांचे माहेर बेळगावचे. 1965 आणि 1966 अशी लागोपाठ दोन वर्षे देशात पावसाने दगा दिला, तेव्हा त्या दहा-अकरा वर्षांच्या होत्या. त्या काळात अमेरिकेहून जहाजे भरभरून गहू येत असे, आणि पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांनी देशवासीयांना आठवड्यातून एक वेळ उपवास करण्याचे आवाहन केले होते. रेशनच्या रांगेत धाकट्या भावाला कडेवर घेऊन उभे राहिल्याचे सासूबाईंना आजही आठवते. ज्याने पिठाचा डबा खरवडल्याचा आवाज ऐकला आहे, त्याला पिठात मूठभर मीठ ओतून ते कायमचे अखाद्य करणे हा खेळ कसा वाटावा? मुले माझ्या तोंडाकडे पाहू लागली. मला उत्तर सुचेना. कारण त्यांचे म्हणणे खोडून काढण्यासारखे नव्हतेच.

त्या रात्री नाताळवृक्षाविषयी जे काही वाचावयास मिळाले ते मी वाचले. स्ट्रासबुर्ग नगरातील 1605 सालच्या एका वर्णनात म्हटले आहे, की तेथील लोक दिवाणखान्यात झाड उभे करीत आणि त्यावर रंगीत कागदाची गुलाबे, सफरचंदे, पातळ पापडासारखी बिस्किटे, सोनेरी वर्ख आणि साखरेची मिठाई टांगीत. काचेचे गोळे पुष्कळ उशिरा आले. जर्मनीतील लाउशा या गावच्या काचकारागिरांनी ते एकोणिसाव्या शतकात प्रचारात आणले. इंग्लंडात राणी व्हिक्टोरियाच्या कुटुंबाचे झाडाभोवती उभे असलेले चित्र 1848 साली एका सचित्र साप्ताहिकात छापले गेले, आणि तेथून ही चाल घरोघर पसरली. पण मला सर्वांत मौज वाटली ती पुढील गोष्टीची. सण संपला, की तिकडील मुले ते झाड 'लुटीत' असत. फांद्यांवरील सफरचंदे, मिठाई, खुसखुशीत भाकऱ्या काढून घेऊन त्यांचा फन्ना उडवीत. म्हणजे मूळचा नाताळवृक्ष हा निव्वळ शोभेचा नव्हताच; तो एक टांगलेला फराळ होता!

सकाळी हे सारे मी सासूबाईंना सांगितले. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "मागीर तशेंच करात." मात्र त्यांनी दोन अटी घातल्या. पहिली अशी, की मिठाच्या वस्तूंसाठी डब्याच्या तळाचे, किडे पडू लागलेले पीठच चाळून घ्यावे. दुसरी अशी, की जेवढ्या वाट्या न खाण्याच्या वस्तूंसाठी लागतील, तेवढ्याच वाट्या खाण्याच्या वस्तूंसाठी आधी मोजून ठेवाव्यात.

त्या दिवशी बाल्कांवात दोन पराती मांडल्या गेल्या. एकीत 4 वाट्या पीठ, 2 वाट्या बारीक मीठ आणि लागेल तसे सुमारे 2 वाट्या पाणी. मीठ जाडे असेल, तर वस्तूचा पृष्ठभाग खडबडीत होतो, म्हणून ते आधी पाट्यावर वाटून घेतले. एका मुलीने विचारले, "तांदळाचे पीठ का नको? ते तर आपल्याकडे नेहमीचेच." प्रश्न मार्मिक होता. गव्हाच्या पिठात मळताना ग्लूटेन नावाचा चिवट पदार्थ तयार होतो आणि तोच गोळ्याला धरून ठेवतो; तांदळात तो नसल्यामुळे वस्तू वाळताना तडकते. मीठ का, याचेही उत्तर आम्ही शोधले: मीठ ओलावा ओढून घेते, बुरशी व किडे यांना दूर ठेवते आणि वाळल्यावर वस्तूला कणखरपणा आणते.

दुसऱ्या परातीत गुळाच्या पाण्यात कणीक भिजवली. तियाने तिच्यातील थोडी घेऊन नारळाच्या रसात मळली आणि नव्या कोऱ्या फणीवर अंगठ्याने दाबून कुलकुल वळण्यास शिकविले. सासूबाईंनी दीप अमावास्येला करतात तसे गुळाचे दिवे केले. एका अंगठ्याच्या दाबाने पणतीची खोली आणि दोन बोटांच्या चिमटीने वात ठेवण्याची चोच. मुलांनी वीस वेळा प्रयत्न केला, पण ती चोच कोणालाच साधली नाही. कामाच्या भरात तिया आणि सासूबाई आपापल्या माहेरच्या गोष्टी सांगू लागल्या. इतकी वर्षे शेजारी राहूनही एवढा निवांत वेळ त्या दोघींना एकत्र मिळालेला मी पाहिला नव्हता.

मुलांच्या हातून काय काय घडले म्हणून सांगू! नक्षत्रे आणि देवदूत होतेच. पण एकाने बांगडा केला, दुसऱ्याने कुर्ली केली, आणि सर्वांत धाकट्या मुलीने एक अशी गाय केली, की तिला पाच पाय होते. "पाचवा कशाला?" असे विचारता ती म्हणाली, "ती शेपटी. पण ती खाली टेकली आहे." ती गाय कोणीही दुरुस्त केली नाही. हळद मिसळून पिवळा रंग मिळाला. हळदीत चिमूटभर चुना पडताच ती लाल झालेली पाहून मुलांनी जो कल्ला केला, तो विज्ञानाच्या तासाला क्वचितच ऐकू येतो. दोरा ओवण्यासाठी नारळाच्या हिराने भोके पाडली.

पुढे दोन दिवस ऊन दाखविले. डिसेंबरचे ऊन कोरडे असते, हे आमचे भाग्य. तरी आतील ओल पुरती जाईना, तेव्हा थोरल्या मुलांनी पत्र्यावर सारा संसार मांडून पोदेराकडे नेला. आमच्याकडे नाताळात केक आणि बोलींश भाजून घेण्यासाठी लोक पोदेराच्या भट्टीवर जात आले आहेत. पण मिठाचा बांगडा त्याने प्रथमच पाहिला असावा. "आधी पाव, मागीर तुमचें," एवढेच तो म्हणाला. हे योग्यच झाले. भट्टी कडक तापलेली असताना या वस्तू आत गेल्या असत्या, तर फुगून त्यांना तडे गेले असते. पाव काढून झाल्यावर उरलेल्या मंद उबेत त्या सावकाश वाळल्या आणि खणखणीत झाल्या. फक्त तीन वस्तू जाड असल्यामुळे फुटल्या. बोटाच्या अर्ध्या जाडीपेक्षा अधिक जाड लाटू नये, हा धडा त्यावरून मिळाला. सुरूच्या नाजूक, लोंबत्या काड्यांना तसेही जड ओझे सोसवत नाही.

नाताळच्या पूर्वसंध्येला झाड सजले. देवदूताच्या शेजारी कुर्ली आणि नक्षत्राखाली पाच पायांची गाय अशी ती मांडणी होती. गोड वस्तूही टांगाव्यात असे मुलांना फार वाटत होते; पण एक शंकरपाळी टांगून पाहिली आणि अर्ध्या तासात मुंगळ्यांची पलटण फांदीवर चढली. तेव्हा गोड वस्तू डब्यात गेल्या आणि 6 जानेवारीला, तीन राजांच्या सणाच्या दिवशी सकाळी, त्या झाडावर आल्या. सायंकाळी मुलांनी झाड लुटले. पहिली शंकरपाळी त्यांनी सासूबाईंच्या हातावर ठेवली. मिठाच्या वस्तू मात्र कोणी तोंडात घालू नयेत, आणि कुत्र्याच्या हाती लागू देऊ नयेत. एवढे मीठ कुत्र्याला बाधते. आपल्या घरी करणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

जूनमध्ये पाऊस आला. हवेतील आर्द्रता सुमारे 75 टक्क्यांच्या वर गेली, की मीठ हवेतलेच पाणी शोषून पाझरू लागते. पावसाळ्यात घरातील मिठाची बरणी पाणावते, त्याचे कारणही हेच. डबा घट्ट लावूनही नक्षत्रांना घाम फुटला, हळदीचा रंग आधीच उडालेला होता, आणि गाईची ती प्रसिद्ध शेपटी गळून पडली. धाकटी मुलगी काही वेळ रडली. मग तिने विचारले, "पुन्हा करायचे ना?" तेव्हा सासूबाईच म्हणाल्या, "करूया. पण आधी पीठ मोजूया."

मला वाटते, मुलांना त्या डिसेंबरात मिळालेला खरा पाठ याच वाक्यात आहे. अन्नाला हात लावू नका, असे त्यांना कोणी सांगितले नाही. आणि खेळात सारे चालते, असेही कोणी सांगितले नाही. जेवढे शोभेसाठी घ्याल, तेवढे पानावरही वाढा, आणि दोन्ही आपल्या हातांनी करा, हे त्यांनी पाहिले. बाजारातील गोळा वर्षानुवर्षे तसाच चकचकीत राहतो, यात शंका नाही. परंतु तो करताना कोणी शेजारी बसलेले नसते, कोणी डब्यावर हात ठेवून थांबवलेले नसते, आणि तो मोडला तर पुन्हा करता येत नाही. विद्यार्थिमित्रांनो, येत्या सुटीत कणीक भिजविण्यापूर्वी घरातील वडीलधाऱ्यांना अवश्य विचारा. त्या नाही म्हणाल्या, तर का म्हणाल्या तेही ऐकून घ्या. पीठ मागून मिळेल. पण त्या डब्यामागची गोष्ट विचारल्याखेरीज कळत नाही.