चालणाऱ्याचे मागणे

पनवेलहून कोकणाच्या वाटेला लागले की पुढचा तालुका पेणचा. या एकाच तालुक्यातील दोन गावांनी मराठी वाङ्मयाला पायी चालणारी दोन माणसे दिली. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली घरावरचे कर्ज फेडण्याच्या विवंचनेत, उत्तरेत होणाऱ्या मोठ्या यज्ञात दक्षिणा मिळेल या आशेने, आपल्या काकांसह निघाले आणि बंडाच्या धामधुमीत सापडले. मिळालेली दक्षिणा लुटली गेली. घरी आली ती गंगेची कावड, आणि पुढे अनेक वर्षांनी लिहिली गेलेली हकीकत. ‘माझा प्रवास’ या नावाने ती १९०७ साली चिंतामण विनायक वैद्यांनी प्रसिद्ध केली. दुसरे गाव गागोदे. तेथे ११ सप्टेंबर १८९५ रोजी विनोबा भावे जन्मले. ‘गीताई’मुळे ते आपल्या विषयाचे आहेतच; पण १९५१ पासून जवळजवळ तेरा वर्षे ते देशभर चालत राहिले, ते जमीन मागण्यासाठी.

विष्णुभट निघाले तेव्हा तरुण होते आणि स्वतःच्या घरासाठी मागत होते. विनोबांना छप्पन्नावे वर्ष चालू होते आणि ते परक्यांसाठी मागत होते. उतारवयात, दुसऱ्यासाठी, पायी चालत मागणे हा नेमका कोणता व्यवहार आहे, हा प्रश्न मात्र आम्हाला ग्रंथांतून पडला नाही. तो आमच्या विभागात आपल्या पायांनी चालत आला.

आम्ही दोघे पनवेलच्या एका महाविद्यालयात मराठी शिकवतो. आमच्याच विभागातून निवृत्त झालेल्या आणि आम्हा दोघांनाही एम.ए.ला शिकवलेल्या बाई वयाच्या चौसष्टाव्या वर्षी एका दुपारी आल्या आणि म्हणाल्या, “मी पनवेल ते सावंतवाडी चालत जाणार आहे. एकटी. वाड्यांवरून शिकायला येणाऱ्या मुलींच्या खाणावळीच्या खर्चासाठी पैसे गोळा करायचे आहेत. तुम्ही दोघं मिळून मला एक पत्रक लिहून द्या.” तालुक्यातील कातकरी आणि ठाकूर वाड्यांवरून येणाऱ्या मुली पहिल्या वर्षाला प्रवेश घेतात आणि दिवाळीनंतर दिसेनाशा होतात, हे आम्हाला माहीत होते. कारण पुष्कळदा फी नसते. दोन वेळचे जेवण आणि राहण्याची सोय हे असते.

पत्रक लिहायला बसल्यावर अडचण कळली. “या वयात”, “एकटीने”, “चारशे किलोमीटरांहून अधिक” असे शब्द आपोआप पुढे येत आणि वाक्य सर्कशीच्या जाहिरातीसारखे होई. ते काढून टाकले तर चालण्याचे प्रयोजनच उरत नसे. आमचे एक सहकारी रोखठोक आहेत. ते म्हणाले, “बाई, पैसेच हवेत ना? आम्ही सगळे मिळून आत्ता देतो. त्या महामार्गावर ट्रकांच्या धुरळ्यात कशाला जीव घालता?” बाईंच्या मुलानेही फोनवर हेच सांगितले होते. रक्कम त्याने मोठी सांगितली होती, अट एवढीच की आईने घरी बसावे.

बाईंचे उत्तर आम्ही तेव्हाच लिहून ठेवले. “तुमचे पैसे नकोत असं नाही, जरूर द्या. पण तुम्ही मला ओळखता म्हणून देणार. वाटेवरच्या गावात मला कोणी ओळखत नाही. तिथं मी गाडीतून उतरून मागितलं तर लोक मला वर्गणीवाली म्हणतील. चालत गेले तर निदान पाणी विचारतील. पाणी विचारलं की बोलणं होतं.”

या उत्तराने आम्ही पुन्हा विनोबांकडे वळलो. १९५१ च्या मार्चमध्ये ते पवनारहून हैदराबादजवळच्या शिवरामपल्लीला सर्वोदय संमेलनासाठी पायी गेले आणि तेथून तेलंगणातील अशांत गावांमध्ये फिरू लागले. १८ एप्रिलला पोचमपल्लीत भूमिहीन दलित कुटुंबांनी त्यांच्याकडे ऐंशी एकर जमिनीची मागणी केली. सरकारकडे अर्ज करू, असे सांगता आले असते. विनोबांनी समोर जमलेल्या गावालाच विचारले, आणि रामचंद्र रेड्डी यांनी शंभर एकर देऊ केली. पुढची सगळी पदयात्रा या एका प्रश्नोत्तरातून निघाली. पहाटेच्या अंधारात कंदील घेऊन निघायचे, आठ-दहा मैल चालायचे, मुक्कामाच्या गावी सभा घ्यायची आणि मागायचे. तुम्हाला पाच मुलगे असतील तर मला सहावा समजा आणि माझा वाटा द्या, हा त्यांचा युक्तिवाद प्रसिद्ध आहे. दानाचा अर्थ ते शंकराचार्यांना अनुसरून ‘संविभाग’, म्हणजे योग्य वाटणी, असा सांगत.

सहावा मुलगा म्हणवून घेणाऱ्याला घरात यावे लागते. त्याला वेशीवरून मागता येत नाही आणि पत्र पाठवूनही मागता येत नाही. चालण्याने विनोबांना हा प्रवेश मिळाला. पोटाच्या अल्सरचा जुना विकार होता. १९५२ च्या अखेरीस बिहारमधील चांडिल येथे हिवतापाने ते अत्यवस्थ झाले. या शरीराने माणूस आपल्या दारापर्यंत आला आहे, हे देणाऱ्याला दिसत होते. उतारवयाचा चालण्याशी संबंध मला वाटते येथे आहे, असे आमच्यापैकी एकाने म्हटले तेव्हा दुसऱ्याने त्यात भर घातली: तरुणाने चालणे म्हणजे ताकद खर्च करणे, वयस्क माणूस खर्च करतो तो शिल्लक राहिलेला काळ, आणि समोरच्याला त्याची किंमत सांगावी लागत नाही.

अर्थात चालणारा दारी न येताही पैसे मिळू शकतात. २०२० च्या एप्रिलमध्ये, महामारीच्या टाळेबंदीत, इंग्लंडमधील टॉम मूर या नव्व्याण्णव वर्षांच्या माजी सैनिकाने शंभरावा वाढदिवस येण्याआधी चालण्याच्या चौकटीचा आधार घेत आपल्या बागेत पंचवीस मीटरांच्या शंभर फेऱ्या घातल्या. हेतू एक हजार पौंड जमवण्याचा होता. जमले तीन कोटी वीस लाखांहून अधिक. तो कोणाच्या दारी गेला नाही, जग त्याच्या बागेत डोकावले. पाश्चात्त्य देशांत रूढ असलेल्या या प्रकारात चालणारा अंतर जाहीर करतो आणि देणारा त्या अंतराला पैसे लावतो. त्यात लबाडी काही नाही. मात्र तेथे देणाऱ्याला मैल दिसतात. ज्याच्यासाठी मागितले जाते त्याच्याशी त्याचे बोलणे होत नाही.

बाई एका जानेवारीत निघाल्या. कर्नाळ्याच्या खिंडीपर्यंत सोबत यायची परवानगी आम्हाला होती, त्यापुढे नाही. पळस्पे मागे पडले, शिरढोण आले. वासुदेव बळवंत फडक्यांच्या या गावात एका चहावाल्याने विचारले, “आजी, नवस आहे का?” बाईंनी वाड्यांवरच्या मुलींची हकीकत सांगितली. त्याने चहाचे पैसे घेतले नाहीत, वर वीस रुपये दिले आणि विचारले, “त्या मुली पुढं शिकून करतात काय?” यावर बाई पंधरा मिनिटे बोलल्या. नंतर वहीत त्यांनी लिहिले: चहा तीन, रोख वीस, प्रश्न एक. वहीत शेवटपर्यंत प्रश्नांचा रकाना होता.

सावंतवाडी त्यांनी गाठली नाही. कशेडी घाट चढताना काही झाले नाही, पण उतरताना गुडघा सुजला, आणि खेडच्या डॉक्टरांनी पुढे पाऊल टाकू नका असे बजावल्यावर त्या एस.टी.ने परत आल्या. पनवेलमधील एका व्यावसायिकाने दर किलोमीटरमागे ठरावीक रक्कम कबूल केली होती. त्यांनी चाललेले अंतर विचारून घेतले, तेवढ्याचाच धनादेश पाठवला आणि सोबत हिशेबाचा कागद जोडला. आम्ही संतापलो. बाई संतापल्या नाहीत. “त्यांनी अंतर विकत घेतलं होतं, तेवढंच त्यांना मिळालं,” एवढेच त्या म्हणाल्या. वाटेवर देणाऱ्यांपैकी मात्र एकानेही त्या कुठपर्यंत पोचल्या याची चौकशी करून पैसे परत मागितले नाहीत. कोलाडच्या एका शिक्षिकेचा फोन आला तो मुलींपैकी कोणी तिच्या शाळेत बोलायला येईल का, हे विचारण्यासाठी.

असो. चालणे संपल्यावर जे उरते त्याविषयी बोलल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. विनोबांनी १९५७ पर्यंत पाच कोटी एकरांचे लक्ष्य ठेवले होते. एकंदर मिळाली ती सुमारे बेचाळीस लाख एकर, आणि त्यातील फार मोठा भाग भूमिहीनांपर्यंत पोचलाच नाही. काही जमीन नापीक होती, काही वादातली होती, काहींची कागदपत्रे झाली नाहीत. टॉम मूर यांनी मिळवलेला निधी रुग्णसेवेसाठी गेला, त्याबद्दल वाद नाही; पण नंतर त्यांच्या नावाने निघालेल्या संस्थेतून कुटुंबीयांना खासगी लाभ झाल्याचा ठपका तेथील धर्मादाय आयोगाने २०२४ च्या अहवालात ठेवला. चालणाऱ्याच्या पायांवर लोक विश्वास ठेवतात. तो विश्वास वाटपाच्या कागदापर्यंत नेणे हे वेगळे काम आहे. त्याला मिरवणूक नसते आणि बहुधा ते दुसऱ्या कोणाला तरी करावे लागते.

आमच्या वाट्याला ते आले. बाईंच्या वहीवरून आम्ही हिशेब तयार केला, वीस रुपयांपासून धनादेशापर्यंत प्रत्येक रक्कम लिहिली आणि विभागाच्या फलकावर लावला. त्या पैशांत सहा मुलींचा एका वर्षाचा खाणावळीचा खर्च निघाला. त्यांतील पाच जणींनी वार्षिक परीक्षा दिली. सहावीचे लग्न ठरले होते. तिच्या वाडीवर जाऊन तिच्या आईवडिलांशी बोलायचे ठरले आहे. वाडीपर्यंत गाडी जात नाही, शेवटची चढण पायीच आहे. बाईंचा गुडघा अजून पुरता बरा नाही, म्हणून या खेपेस आम्ही दोघे जाणार आहोत. पत्रक लागणार नाही.